खाऱ्या पाण्यातलं बावीस कॅरेट

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे. मंगळुरू गाठा नाहीतर चेन्नई, तीन-साडेतीनशे किलोमीटर तुडवल्याशिवाय खारा वारा लागत नाही. अशा शहरात, बनशंकरीच्या सेकंड स्टेजमध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी निवृत्तीनंतर बुडालेल्या जहाजांमधली नाणी जमवावीत आणि वर त्यांवर मराठीत पुस्तक लिहावं, हे ऐकून कुणाला हसू आलं तर त्याला बोल लावता येणार नाही. मलाही आलं होतं. पण परमुलखातला पैसा दर्यावरून या पठारावर येऊन पडावा, यात नवीन काही नाही. १८९१ साली यशवंतपूरला रेल्वेसाठी खोदकाम चाललं असताना १६३ रोमन चांदीची नाणी निघाली. ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे मुखवटे घेऊन ती दोन हजार वर्षांपूर्वी इथवर पोचली होती. तेव्हा स्पॅनिश सोनं बनशंकरीत आलं म्हणून आश्चर्य करत बसण्यापेक्षा ते कोणत्या वाटेने आलं हे विचारणं बरं. प्रस्तुत पुस्तकाचं निम्मं काम त्या वाटेचा माग काढण्याचंच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात १५४५ साली चांदी सापडली आणि पुढची अडीचशे वर्षं अमेरिका खंडातली चांदी नि सोनं स्पेनच्या राजाच्या नावाने जगभर पसरत राहिलं. चांदीचं मोठं नाणं आठ रेआलचं. सोन्याचं मोठं नाणं आठ एस्कुदोंचं, आणि एक एस्कुदो म्हणजे सोळा रेआल. आठ एस्कुदोंचं वजन सत्तावीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सव्वादोन तोळ्यांच्या थोडं वर. विजयनगरचा होन साधारण ३.४ ग्रॅमचा धरला तर एका नाण्यात जवळजवळ आठ होन मावतात. कस बावीस कॅरेट, म्हणजे आपल्या सराफाच्या भाषेत ९१६. स्पेनच्या दरबाराने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा कस दोनदा गुपचूप उतरवला. राजे लोक कर्जात बुडाले की टांकसाळीत हात घालतात, ही गोष्ट आपल्याकडेही कुणाला नव्याने सांगायला नको.

सुरुवातीची ही नाणी गोल नसतात. धातूची पट्टी ओतायची, तिचे तुकडे छाटायचे, वजन जास्त भरलं तर कडा कातरायच्या आणि दोन ठशांमध्ये ठेवून घणाचा ठोका द्यायचा. ठसा मोठा आणि तुकडा वेडावाकडा, त्यामुळे मजकूर अर्धामुर्धाच उमटतो. शिवराई जमवणाऱ्याला यात काही वेगळं वाटणार नाही. 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' ही अक्षरं एकाच पैशावर पूर्ण मिळावीत म्हणून लोक वर्षानुवर्षं ढीग उपसत बसतात. ज्याची नजर शिवराईवर तयार झाली आहे त्याला पेरूतल्या लिमाचं एस्कुदो वाचायला फार शिकावं लागत नाही.

ते कसं वाचायचं ते इथे सांगतो, कारण पुस्तकात हा भाग जरा घाईत उरकला आहे. लिमाच्या टांकसाळीचं अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं आठ एस्कुदोंचं नाणं भिंगाखाली घ्या. एका बाजूला क्रूस, त्याच्या चार कोपऱ्यांत किल्ले आणि सिंह. ही कास्तील आणि लिओन या दोन राज्यांची चिन्हं. दुसऱ्या बाजूला दोन खांब आणि खाली लाटा. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपाशी जग संपतं अशी युरोपात जुनी समजूत होती. तिथले हर्क्युलिसचे खांब ते हे. खांबांच्या आडव्या-उभ्या रेघांत अक्षरांच्या तीन ओळी बसवलेल्या असतात. वरच्या ओळीत टांकसाळीचा 'एल', मधे मूल्याचा आकडा आठ, आणि मग कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं आद्याक्षर. मधल्या ओळीत 'पी', 'व्ही', 'ए' ही तीन अक्षरं; 'याच्याही पलीकडे' अशा अर्थाच्या लॅटिन ब्रीदाचा तो संक्षेप. खालच्या ओळीत सालाचे शेवटचे तीन आकडे. एवढ्यावरून नाणं कुठलं, किती मोलाचं, कुणाच्या जबाबदारीवर पाडलं आणि कधी, हे सगळं समजतं. कस तपासणाऱ्याचं अक्षर ही शोभा नव्हती. नाणं हिणकस निघालं तर मानगूट कुणाची धरायची, त्याची ती नोंद होती.

ही नाणी वर्षातून एकदोनदा ताफ्याने स्पेनला जात. हवानाहून निघायचं, फ्लोरिडाच्या किनाऱ्याने उत्तरेला सरकायचं आणि मग पूर्वेला वळायचं. वादळांच्या मोसमाआधी निघायचं हा शिरस्ता, पण सोनं जमा व्हायला उशीर, राजाला घाई, कारकुनांची रखडपट्टी, असं करत करत १७१५ चा ताफा २४ जुलैला निघाला. ३० जुलैच्या रात्री वादळाने गाठलं आणि पहाटेपर्यंत अकरा जहाजं फ्लोरिडाच्या खडकांवर फुटली. हजाराच्या आसपास माणसं गेली. स्पेनने लगेच पाणबुडे लावून बराचसा माल काढला. त्यांच्या छावणीवर हेन्री जेनिंग्ज या इंग्रज चाच्याने डल्ला मारला. उरलेलं वाळूखाली गेलं आणि विसरलं गेलं. १९५० च्या दशकात किप वॅग्नर नावाच्या एका बांधकाम कंत्राटदाराला वादळानंतर किनाऱ्यावर नाणी दिसू लागली. त्याने जुनी कागदपत्रं, नकाशे धुंडाळले आणि १९६० च्या दशकात जगाला दुसऱ्यांदा हा खजिना कळला. आज बाजारात 'जहाजबुडीचं स्पॅनिश सोनं' म्हणून जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं याच ताफ्याचं. आतोचा या १६२२ साली बुडालेल्या जहाजाचं नाव त्याहून मोठं. मेल फिशरने ते सोळा वर्षांच्या हट्टानंतर २० जुलै १९८५ रोजी शोधलं. पण आतोचातली नाणी बहुतांशी चांदीची.

इथे माझा आणि लेखकाचा मतभेद आहे, आणि तो प्रस्तावनेत मांडण्याची मुभा त्यांनीच दिली आहे. लेखकाचा जीव सोन्यात आहे. माझ्या मते जहाजबुडीच्या नाण्यांत सोन्याइतकं मुकं काही नाही. तीनशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहून सोनं जसंच्या तसं वर येतं, झळझळीत. त्याच्याकडे बघून ते समुद्रात होतं की आजीच्या डब्यात, हे सांगता येत नाही. चांदीचं तसं नाही. ती खाऱ्या पाण्यात काळी ठिक्कर पडते, एका बाजूने झिजून कागदासारखी होते, शेजारच्या खिळ्याचा गंज अंगावर घेते. कधी शेकडो नाणी एकमेकांना चिकटून त्यांचा धोंडा होतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला ग्रेट बासेस नावाची खडकांची रांग आहे. १९६१ साली तिथे पाणबुडे माइक विल्सन आणि त्यांच्या तरुण सोबत्यांना असे धोंडे सापडले. सुरतेच्या टांकसाळीत पाडलेले औरंगजेबाचे रुपये, हिजरी सन १११३, म्हणजे १७०१-०२. गोणपाट कधीच कुजून गेलं होतं, पण रुपये मात्र थैलीच्या आकारातच एकमेकांना धरून बसले होते. विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांनी या शोधावर पुस्तक लिहिलं. ज्या वर्षी हे रुपये सुरतेत पडले त्या वर्षी त्यांचा धनी विशाळगडाला वेढा घालून पावसात भिजत होता, हे क्लार्कच्या वाचकाला सुचलं नसेल. मराठी वाचकाला सुचल्यावाचून राहणार नाही. चांदीच्या अशा एका धोंड्यापुढे मी दहा पिवळेधमक एस्कुदो ओवाळून टाकेन.

सोनं मुकं आहे म्हणूनच त्याला कागद लागतो. बंगळूरच्या नगरथपेटेतल्या एखाद्या सराफाकडे दोन एस्कुदोंचं नाणं नेऊन पाहा. यंत्राखाली धरलं की ९१६ च्या जवळपास आकडा येईल, तराजू पावणेसात ग्रॅम दाखवील आणि शेठ मोडीचा भाव सांगून मोकळे होतील. त्यांचं चुकत नाही. नाण्याच्या अंगात तेवढंच आहे. त्यावरचा जो चढा भाव आहे तो सगळा हकिकतीचा: कोणत्या जहाजातून, कोणत्या साली, कुणी काढलं, सरकारदरबारी कोणत्या आकड्याखाली नोंदलं, लिलावात कधी विकलं. ही साखळी एका कडीला तुटली की हाती उरतं ते बावीस कॅरेट. म्हणूनच खोटं नाणं करणाऱ्याला इथे खोटं सोनं वापरायची गरजच नसते. खऱ्या सोन्याचं ओतीव नाणं करूनही तो फायद्यात राहतो. कसोटीचा दगड, घनतेचं माप, सराफाचं यंत्र, सगळ्यांतून ते पास होतं. पकडलं जातं ते ठशाच्या बारकाव्यांत. ओतीव नाण्यात अक्षरांच्या कडा बोथट असतात, पृष्ठावर बारीक पुटकुळ्या दिसतात. ठोकलेल्या नाण्यात धातू वाहत गेल्याच्या रेषा कडेकडे पसरलेल्या दिसतात.

आणि कागद तरी किती खरा? फ्लोरिडात १७१५ च्या ताफ्यावर कायदेशीर परवान्याने काम करणाऱ्या एका कुटुंबाला २०१५ साली १०१ सोन्याची नाणी मिळाली. तिथल्या तपास यंत्रणेच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी ५१ जाहीर केली आणि ५० लपवली. २०२४ साली त्यांतली ३७ परत मिळवण्यात आली. या प्रकरणातला मला सर्वांत रंजक वाटलेला तपशील असा की, कुटुंबातल्या एकाने २०१६ साली त्यांतली तीन नाणी पुन्हा समुद्राच्या तळाशी नेऊन ठेवली, नव्या गुंतवणूकदारांना ती 'सापडावीत' म्हणून. नाणी अस्सल, ताफा अस्सल, समुद्रही तोच, आणि तरी सापडणं खोटं! संग्राहकाने प्रमाणपत्राकडे किती विश्वासाने बघायचं, हे ठरवायला एवढी एक हकीकत पुरे.

समुद्राने परत दिलेला माल कुणाचा, हा वाद या छंदाच्या मुळाशीच आहे, आणि मराठी माणसाने तो साडेतीनशे वर्षांपूर्वी खुद्द रायगडावर ऐकला आहे. १६७४ च्या शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला मुंबईहून हेन्री ऑक्झेंडन आला तो नुसता नजराणा घेऊन नव्हे, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या तहाची कलमं घेऊन. महाराजांचे न्यायाधीश निराजीपंत यांच्यामार्फत बोलणी झाली. बहुतेक कलमं मान्य झाली; अडली ती दोन. पहिलं, कंपनीचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. दुसरं, किनाऱ्याला लागून फुटलेल्या इंग्रजी जहाजांचा माल परत मिळावा. नाणं आणि फुटकं जहाज! या पुस्तकाचा सगळा विषय त्या दोन कलमांत येऊन गेला.

पहिल्यावर महाराजांचं उत्तर असं की, कुठलंही नाणं चालायला आपली मनाई नाही, पण ज्यात रयतेला तोटा होईल असं नाणं घ्या म्हणून सक्तीही आपण करणार नाही. कंपनीचं नाणं कसाने नि वजनाने मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं असेल तर ते चालेलच, त्याला कलम कशाला? अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने यात भर घालावी असं काही उरत नाही. दुसऱ्या कलमाला मात्र साफ नकार मिळाला. वादळाने किनाऱ्याला लागलेलं जहाज नि माल परत करणं हे कोकणच्या कायद्यात बसत नाही. एकदा इंग्रजांना ही सवलत दिली की फ्रेंच, डच आणि बाकीचे व्यापारीही तोच हक्क मागतील, असं त्याचं कारण. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याच्या प्रवासवृत्तात हे सगळं नोंदलेलं आहे.

या नकाराला कुणी लोभ म्हणेल. मला त्यात किनाऱ्यावरच्या सत्तेचा जुना दावा दिसतो, आणि तो आजही मिटलेला नाही. नुएस्त्रा सेन्योरा दे लास मेर्सेदेस ही स्पॅनिश युद्धनौका १८०४ साली इंग्रजांशी झालेल्या चकमकीत स्फोट होऊन बुडाली. २००७ साली एका अमेरिकन कंपनीने तिच्यातली सुमारे सतरा टन नाणी वर काढली आणि गाजावाजा करत विमानाने फ्लोरिडाला नेली. स्पेन कोर्टात गेलं. युद्धनौका बुडाली तरी ज्या देशाची त्याच देशाची, असा निकाल लागला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये माल माद्रिदला परत गेला. पेरूचं म्हणणं होतं की चांदी आमच्या डोंगरातली, नाणी आमच्या लिमातली. ते कुणी ऐकलं नाही. कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ १७०८ साली बुडालेल्या सान होसे जहाजावर तर कोलंबिया, स्पेन, एक अमेरिकन शोधकंपनी आणि बोलिव्हियातली क्हारा क्हारा जमात असे चौघे हक्क सांगतात. जमातीचा दावा मला सर्वांत वजनदार वाटतो. पोतोसीच्या खाणीत ज्यांच्या पूर्वजांना जुंपलं होतं, त्यांचा आवाज कुठल्याच प्रमाणपत्रावर उमटत नाही.

मग बनशंकरीत बसून काय जमवावं? लेखकाने तिसऱ्या भागात जी यादी दिली आहे ती माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत उपयोगी भाग आहे. ती वाचताना लक्षात येतं की आपलीच केवढीतरी नाणी परक्या समुद्रांच्या तळाशी गेली आहेत. 'ॲडमिरल गार्डनर' हे कंपनीचं जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या गुडविन सँड्सवर रुतून फुटलं. मद्रासला निघालेली दहा नि वीस कॅशची तांब्याची नाणी पिंपांत भरलेली होती, सगळी बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीतली, १८०८ सालची. १९८० च्या दशकात ही नाणी लाखांनी वर आली. त्यामुळे आजही ती स्वस्त मिळतात आणि नवख्याला सुरुवात करायला याहून चांगलं नाणं नाही. बाजारात पोचण्याआधीच बुडाल्यामुळे काहींवर ठशाची धार अजून शाबूत आहे.

'गेरसप्पा' हे जहाज तर नावानेच कर्नाटकातलं. मिरीची राणी म्हणून पोर्तुगीजांनी जिचं नाव घेतलं त्या चेन्नभैरादेवीची गेरसप्पा. कलकत्त्याहून चहा, बीड आणि चांदी घेऊन निघालेलं हे जहाज फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडजवळ जर्मन पाणबुडीने बुडवलं; एकच माणूस जगला. २०१२-१३ मध्ये जवळजवळ पाच किलोमीटर खोलीवरून चांदीच्या २,७९२ लगडी काढल्या गेल्या आणि ब्रिटनच्या टांकसाळीने त्यातल्या चांदीची नाणी पाडून विकली. 'सिटी ऑफ कैरो' मुंबईहून निघालं ते ऑक्टोबर १९४२ मध्ये. पोटात सुमारे शंभर टन चांदीचे रुपये. नोव्हेंबरमध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये बुडालं, २०१३ मध्ये पाच हजार मीटरखालून रुपये वर आले आणि बहुतेक वितळवले गेले. याचं मला खरोखर वाईट वाटतं. पंचम जॉर्जचा रुपया दुर्मीळ नाही हे कबूल, पण पाच किलोमीटर पाण्याखालून आलेला रुपया दुर्मीळच म्हणायचा. तो भट्टीत घालणाऱ्याला चांदीचा भाव तेवढा कळत होता.

मुंबईच्या गोदीतली गोष्ट नाण्यांची नाही, पण यादीत ती असायला हवी होती. १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज स्फोटाने फुटलं तेव्हा त्यावर स्फोटकं नि कापसाच्या गासड्यांबरोबर ३१ पेट्यांत १२४ सोन्याच्या लगडी होत्या. काही उडून घरांवर पडल्या, काही गाळात रुतल्या आणि पुढे कित्येक वर्षं गोदीचा गाळ उपसताना मिळत राहिल्या. गोव्याजवळ सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जे फुटलेलं पोर्तुगीज जहाज अभ्यासलं त्यात तोफा, हस्तिदंत, विटा आणि मर्तबान रांजणांचे तुकडे मिळाले. खजिन्याची वाट पाहणाऱ्याची तिथे निराशा होईल. पण शास्त्राच्या दृष्टीने उघडलेलं जहाज हे असंच दिसतं.

कायद्याचं प्रकरण लेखकाने नीट लिहिलं आहे, त्यात मी फक्त जोर देतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे परदेशातून हौसेने आणलेलं एस्कुदो पुढे मुलाला अमेरिकेत पाठवायचं म्हटलं तर वाट बंद. कस्टम्सची पावती जपून ठेवा. आणि कोकणात कुणी कोळीबांधवाच्या जाळ्यात आलेलं म्हणून नाणं विकायला आणलं तर ते घेऊ नका. फुटक्या जहाजाच्या मालाची वर्दी सरकारला द्यावी लागते, जमिनीत पुरलेल्या धनाची वर्दी कलेक्टरला. आणखी एक विनंती सराफांना: नाण्याला कडी डाखू नका. व्हेनिसच्या डुकाटांना कड्या लावून आपण पुतळ्यांच्या माळा केल्या. त्या माळा सुंदर आहेत, पण तेवढी नाणी अभ्यासाला मुकली.

शेवटचं प्रकरण एकाच नाण्यावर आहे, आणि ते नाणं कुठल्याही जहाजबुडीतलं नाही. मद्रासच्या टांकसाळीने १८०८ च्या सुमाराला चांदीचे अर्धे पॅगोडे पाडले. एका बाजूला देवळाचं गोपुर, भोवती तारे. दुसऱ्या बाजूला विष्णू. लिपी चार: रोमन, फारसी, तमिळ, तेलुगू. चांदी मात्र बऱ्याचदा स्पॅनिश डॉलरचीच, वितळवायचे कष्टही न घेता तेच नाणं चेपून वरून ठसा मारलेला. लेखकाच्या नाण्यावर गोपुराच्या पायऱ्यांमधून राजाच्या नाकाची नि हनुवटीची रेघ स्पष्ट दिसते आणि कडेला मूळ लॅटिन अक्षरांपैकी तीन उरली आहेत. हे नाणं कुणी समुद्रातून काढलं नाही. ते सुखरूप मद्रासला उतरलं, गोपुराखाली गेलं आणि दक्षिणेच्या बाजारात फिरलं. स्पॅनिश पैसा आपल्याकडे खरोखर कसा आला, ते फुटलेल्या जहाजांपेक्षा हे न फुटलेल्या जहाजातलं नाणं जास्त सांगतं. लेखकाने ते पुस्तकाच्या शेवटी ठेवलं आहे. मी असतो तर पहिल्या पानावर घातलं असतं. वाचकाने तिथून सुरुवात करून मग फ्लोरिडाकडे वळलं तरी हरकत नाही, प्रकरणं स्वतंत्रपणे वाचता येतील अशीच लिहिली आहेत.